हाकोनेत दोन रात्री, सोबत आईबाबा: मुक्काम नक्की कुठे करावा?

ओवी_सातारा | २ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण जपानला निघालोय: मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि माझे आईबाबा. टोकियोत चार दिवस, क्योतोत चार, आणि मधे दोन रात्री हाकोने. टोकियो-क्योतोची हॉटेलं ठरली. हाकोनेपाशी मात्र तीन आठवडे घोडं अडलंय. शोधायला बसलं की युमोतो, तोनोसावा, मियानोशिता, गोरा, सेंगोकुहारा, मोतोहाकोने अशी नावांची माळ समोर येते आणि प्रत्येक हॉटेल आपण अगदी मोक्याच्या जागी असल्याचं सांगतं.

आमची माहिती देते, म्हणजे सल्ला द्यायला सोपं पडेल. आई ६७ वर्षांची. दोन्ही गुडघे दुखतात, खाली बसलं की उठताना आधार लागतो. बाबा ७१, रेल्वेतून निवृत्त, नोकरीची बरीच वर्षं कर्जतला गेली. दोघंही शाकाहारी, बाबांना अंडं चालतं. गाडी भाड्याने घेणार नाही. नवऱ्याच्या दंडावर गणपतीचा टॅटू आहे, तो तिथे चालत नाही असं ऐकलं. आणि चारचौघींत कपडे काढून आंघोळ आपल्याला जमणार नाही, हे आईने आधीच सांगून ठेवलंय.

हा मुक्काम नीट व्हावा असं मला फार वाटतं. आईबाबांचा हा पहिलाच परदेश प्रवास, आणि एवढा लांबचा बहुधा शेवटचाही. या सगळ्या बेतात आईने स्वतःहून मागितलेली एकच गोष्ट आहे, गरम पाण्याचा झरा. लहानपणी ती आजोबांबरोबर वज्रेश्वरीला जायची. त्या कुंडांच्या आठवणी अजून काढते.

---

निशिकासाईकर | २ ऑगस्ट, रात्री ११:५५

ओवीताई, मी टोकियोत अकरा वर्षं आहे. भारतातून घरी कोणी आलं की हाकोनेची फेरी होतेच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

हाकोने नावाचं एकच एक गाव तिथे सापडणार नाही. एका मोठ्या ज्वालामुखीच्या पोटात आणि अंगाखांद्यावर वसलेल्या अनेक वस्त्या मिळून हाकोने होतं. समजा, कोणी महाबळेश्वरला राहायची जागा विचारली आणि त्याच्यापुढे वाई, पाचगणी, क्षेत्र महाबळेश्वर, तापोळा सगळं एकाच यादीत टाकलं, तर त्याचं जे होईल तेच तुमचं झालंय. युमोतो म्हणजे वाई: पायथ्याशी, शंभरेक मीटर उंचीवर, दुकानं आणि वर्दळ. गोरा साडेपाचशे मीटरच्या आसपास. आशी सरोवर ७२३ मीटरवर. आणि जिथून गंधकाची वाफ उसळते ते ओवाकुदानी १०४४ मीटरवर. नोव्हेंबरात युमोतोला स्वेटर पुरतो, सरोवराकाठी कानटोपी काढावी लागते.

म्हणून कुठे राहू हे विचारण्याआधी संध्याकाळी पाचनंतर आपण कुठे असणार हे ठरवा. हा डोंगर लवकर झोपतो. दुकानं पाच-सहाला बंद होतात, बस विरळ होत जातात. ऱ्योकानात, म्हणजे पारंपरिक जपानी निवासात, खोली बहुधा तीनला मिळते, जेवण सहा-साडेसहाला वाढतात आणि सकाळी दहाला खोली सोडायची असते. त्या वेळा पाळायच्या तर मुक्कामाची जागा अशी हवी की परतीचा प्रवास म्हाताऱ्या माणसांच्या जिवावर येणार नाही.

वरच्या डोंगराचा कणा म्हणजे हाकोने तोझान रेल्वे. बाबा रेल्वेतले आहेत म्हणून मुद्दाम सांगतो. युमोतो ते गोरा हा ८.९ किलोमीटरचा मार्ग १९१९ साली सुरू झाला. चढ हजारात ऐंशी, म्हणजे साडेबाराला एक. आणि हा चढ दातेरी रुळाविना, साध्या चाकांवर. जपानात अशा मार्गांत याहून तीव्र चढ कुठेच नाही. वाटेत तीनदा गाडी थांबून दिशा उलटी करते आणि 'झेड'च्या आकारात वर चढते. सगळ्याला चाळीसेक मिनिटं लागतात.

माझं मत: गोरा, किंवा त्याच्या एक स्टेशन आधीचं चोकोकु-नो-मोरी. रेल्वे दारात, उघड्यावरचं शिल्पसंग्रहालय चोकोकु-नो-मोरी स्टेशनपासून चालत दोन मिनिटांवर. तिथे पिकासोच्या कामांचं वेगळं दालन आहे, लेकीला चढायला-खेळायला शिल्पं आहेत, आणि पाय बुडवून बसायला गरम पाण्याची पन्हळ आहे. आई तिथे आनंदाने तासभर बसतील.

गोऱ्याला एक धोका आहे. तिथून वर सोउंझानला जाणारी केबल कार (दोरीने ओढली जाणारी रेल्वे) मधे चार ठिकाणी थांबते आणि बरीच हॉटेलं त्या थांब्यांच्या आजूबाजूला आहेत. जाहिरातीत 'थांब्यापासून चालत पाच मिनिटं' लिहिलेलं असतं. ती पाच मिनिटं छातीवरच्या चढाची असू शकतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बॅग ओढत तिथे नेऊ नका.

---

घाटवाट | ३ ऑगस्ट, सकाळी ७:२०

निशिकासाईकरांचं बरंचसं पटतं, पण सेंगोकुहारा यादीतून काढू नका. तुम्ही नोव्हेंबरात जाताय, आणि त्या दिवसांत सेंगोकुहाराचं सुसुकी गवत सोनेरी झालेलं असतं. अख्खी टेकडी त्या तुऱ्यांनी भरलेली आणि मधून एकच पायवाट वर जाते. कासला फुलं बघताना जसा आवाज आपोआप खाली येतो, तसं तिथे झालं होतं मला. पोला कला संग्रहालयही त्याच बाजूला, झाडीत अर्धं जमिनीखाली बांधलेलं. वस्ती शांत, जमीन सपाट, निवास प्रशस्त. टोकियोतल्या शिंजुकूहून थेट बसही सेंगोकुहारामार्गे सरोवराच्या उत्तर टोकाच्या तोगेंदाईपर्यंत जाते, म्हणजे गाडी बदलायची कटकट नाही.

मी स्वतः गाडी चालवत गेलो होतो हे मान्य. पण बसवरही जमतं.

---

निशिकासाईकर | ३ ऑगस्ट, सकाळी ८:०५

घाटवाट, गवताबद्दल शंभर टक्के सहमत. पण ते बघायला जावं, राहू नये, निदान या कुटुंबाने तरी. शिंजुकूची बस रस्त्याच्या गर्दीत सापडली की वेळेचा भरवसा राहत नाही. आणि बाबांना तोझान रेल्वेऐवजी हमरस्त्यावरून नेणं हा त्यांच्यावर अन्याय होईल.

---

पिंपळपान | ३ ऑगस्ट, दुपारी १:१५

आम्ही दोन वर्षांपूर्वी मोतोहाकोनेला सरोवराकाठी राहिलो होतो. खोलीतून फुजी दिसेल या एकाच ओढीने तिथे गेलो. पहिल्या दिवशी धुकं, दुसऱ्या दिवशी धुकं. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी उगीच पडदा सरकवला, आणि सरोवराच्या टोकाला शुभ्र फुजी उभा. वीस मिनिटं दिसला आणि गेला. नवऱ्याला उठवलं, दोघं काही न बोलता खिडकीत उभे होतो.

ती वीस मिनिटं मी कशाशीही बदलणार नाही. पण ओवी, तुला तिथे राहा असं सांगणार नाही. संध्याकाळी शेवटचं जहाज गेलं की काठ सुना पडतो आणि रेल्वे खूप लांब राहते. एक लक्षात ठेव, गोरा किंवा मियानोशिताहून फुजी दिसत नाही, मधे डोंगर आहेत. ज्यांना खोलीतून फुजी हवाच असेल त्यांनी कावागुचिको सरोवराकडे जावं. हाकोनेला पाण्यासाठी जायचं, फुजी दिसला तर देवाची कृपा.

---

गवतीचहा | ३ ऑगस्ट, रात्री १०:३०

मी पूर्ण शाकाहारी आहे, तेव्हा जेवणाचं मी सांगते. राहण्याची जागा ठरवताना हा मुद्दा सगळ्यात आधी बघा, नंतर नको.

ऱ्योकानचे दर बहुधा माणशी असतात, खोलीमागे नाही. त्यात 'इप्पाकु निशोकु' म्हणजे एक रात्र आणि दोन जेवणं धरलेली असतात. 'सुदोमारी' म्हणजे नुसती राहायची सोय. रात्रीचं जेवण दहा-बारा छोट्या पदार्थांचं असतं आणि फार सुंदर मांडलेलं असतं, पण त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत 'दाशि' असतो. दाशि म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाचं मूळ पाणी, बहुतेकदा वाळवलेल्या कात्सुओ माशाचं. नुसतं शाकाहारी म्हटलं की मांस आणि माशाचे तुकडे काढतात, दाशि तसाच राहतो. सोबाच्या नूडल्ससोबतच्या सॉसमध्येही तो असतो. लबाडीचा प्रश्नच नाही. त्यांच्या लेखी ते पाणी म्हणजे आपल्याकडच्या फोडणीसारखं, वेगळं मोजायची गोष्टच नव्हे.

बुकिंगच्या आधीच निरोप पाठवा: "निकु मो साकाना मो ताबेरारेमासेन. कात्सुओ नो दाशि मो दामे देसु." म्हणजे मांस-मासे खाऊ शकत नाही, कात्सुओचा दाशिही नको. कोंबूचा, म्हणजे समुद्री वनस्पतीचा दाशि चालेल हेही कळवा, त्यांना तेवढी वाट मोकळी राहते. जे 'हो' म्हणतील ते मनापासून करतात. पुष्कळ जण नम्रपणे नाही म्हणतील. त्याचा राग धरू नये, आयत्या वेळी उपाशी राहण्यापेक्षा ते बरं.

मला दोन ठिकाणी नकार आला, तेव्हा मी युमोतोला सुदोमारी घेतली. खाण्याचे पर्याय वरच्या डोंगरापेक्षा तिथे जास्त. तरी एका रात्री सातनंतर काही सापडेना, तेव्हा कोनबिनीतून, म्हणजे रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातून, साधा भात आणला आणि खोलीतल्या किटलीचं पाणी, मेतकूट, तूप, लिंबाचं लोणचं यावर जेवले. आईबाबांसाठी हे तीन डबे बॅगेत ठेवाच.

युमोतोच्या बाजूने एवढंच सांगेन की शिंजुकूहून रोमान्सकार नावाची जलद रेल्वेगाडी थेट तिथे उतरवते, साधारण दीड तासात. पायथ्याशीच राहिलं की जिने-चढ कमी. ३ नोव्हेंबरच्या आसपास जाणार असाल तर त्या दिवशी युमोतोत जुन्या सरदारांच्या लवाजम्याची मिरवणूक निघते. बघायला छान, पण त्या दिवशी जागा मिळणं अवघड.

---

ओवी_सातारा | ४ ऑगस्ट, रात्री ९:१०

किती आपुलकीने लिहिलंत सगळ्यांनी! आज संध्याकाळी आईबाबांना पूर्ण धागा वाचून दाखवला. साडेबाराला एक हा आकडा ऐकल्यावर बाबांनी मला दोनदा वाचायला लावलं. आपल्या भोर घाटात सदतीसला एक आहे म्हणाले, आणि त्यासाठी मागून बँकर इंजिनं लावावी लागतात.

एक गोष्ट मी आधी लिहायला हवी होती. बाबांना दमा आहे. औषधावर नियंत्रणात आहे, पंप खिशात असतोच. आज वाचताना ओवाकुदानीच्या वाफेशी त्यांनीच मला थांबवलं, "गंधकाचा धूर का?" म्हणून. यामुळे काही बदलतं का?

---

निशिकासाईकर | ४ ऑगस्ट, रात्री १०:००

बदलतं. बरं झालं आत्ताच विचारलंत.

ओवाकुदानीला दमा, श्वासनलिकेचे किंवा हृदयाचे विकार, पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी येऊ नये अशा सूचना लावलेल्या आहेत, आणि त्या नुसत्या नावापुरत्या नाहीत. वायूचं प्रमाण वाढलं की परिसर बंद करतात, रोपवेही थांबतो. २०१५ च्या जूनअखेरीस तिथे छोटा उद्रेकही झाला होता.

नेहमीची फेरी अशी असते: गोरा, केबल कार, रोपवेने ओवाकुदानीवरून तोगेंदाई, तिथून जहाज. गोऱ्याला राहायचं मुख्य कारणच ही फेरी. ती बाबांसाठी रद्द झाली की माझा आधीचा सल्लाही बदलतो. त्यातून गोरा आणि सेंगोकुहारातल्या बऱ्याच निवासांत पाणी ओवाकुदानीहूनच येतं: पांढुरकं, आम्लधर्मी, गंधकाच्या वासाचं. बंद खोलीतल्या हौदात तो वास साचतो.

आता नकाशात मियानोशिता बघा. तिथे रस्त्याला फाटा फुटतो. एक रस्ता उजवीकडे सेंगोकुहारा-तोगेंदाईला, दुसरा, म्हणजे तोकाइदो या टोकियो-क्योतोच्या जुन्या राजमार्गाचा वारस असलेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १, कोवाकिदानी-आशिनोयूवरून मोतोहाकोनेला. रेल्वेही तिथूनच जाते. मियानोशिता ते कोवाकिदानी या पट्ट्यात राहिलात तर रोपवेशिवाय पूर्ण फेरी होते:

सकाळी बसने आशिनोयूमार्गे मोतोहाकोने. हा रस्ता ८७४ मीटरपर्यंत चढतो, आणि त्या महामार्गाचा तो सर्वांत उंच बिंदू. तिथेच तळ्याकाठी कामाकुरा काळातल्या (बारावं ते चौदावं शतक) दगडात कोरलेल्या बुद्धमूर्ती आहेत. मग हाकोने देवस्थान, पाण्यातलं तोरी (देवस्थानाची कमान), देवदारासारख्या सुगी वृक्षांची जुनी रांग. १६१९ सालच्या तपासणी नाक्याची पुनर्बांधणी केलेली वास्तू. मग जहाजाने तोगेंदाई, तिथून बसने सेंगोकुहारा, घाटवाट यांचं गवत बघायला उतरायचं, आणि पुढच्या बसने खाली मियानोशिता. कुठेही रोपवे नाही, आणि देवस्थानाच्या पायऱ्या सोडल्या तर कुठेही मोठा चढ नाही.

या पट्ट्यातलं पाणी बहुतेक ठिकाणी पारदर्शक आणि किंचित खारट. वास नाहीच म्हटलं तरी चालेल.

मियानोशिताचं स्टेशन मात्र मुख्य रस्त्यापासून चांगलंच वर आहे. आईंसाठी बसथांबा सोयीचा. कोवाकिदानीला स्टेशन आणि रस्ता जवळजवळ एकाच पातळीत.

---

स्टेथो | ५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

डॉक्टर म्हणून थोडं. तुमच्या डॉक्टरांना विचाराच, पण सर्वसाधारणपणे: पाणी ४०-४२ अंश असतं, वयस्कर माणसाने एका वेळी पाच-सात मिनिटांहून जास्त बसू नये. जेवणानंतर लगेच नको, मद्य घेतलं असेल तर मुळीच नको. उठताना सावकाश, रक्तदाब झटकन उतरतो आणि ओल्या दगडावर तोल जातो. पडण्याचा धोका मला दम्यापेक्षा जास्त वाटतो. उघड्यावरच्या हौदात, त्यांच्या 'रोतेनबुरो'त, हवा खेळती असते, दम्याच्या माणसाला तेच बरं.

अंग धुवायला तिथे बुटकी स्टुलं असतात. गुडघ्यांसाठी उंच स्टूल आहे का आणि हौदाला धरायला दांडा आहे का, हे दोन प्रश्न निवासाला आधी विचारा.

---

रुखवत | ५ ऑगस्ट, दुपारी ३:३०

बायकांच्या कामाचं एक कोणी लिहिलं नाही. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते. माझी जोडवी पाच मिनिटांत काळी झाली होती. सोनं टिकतं, पण मंगळसूत्रात तांब्याची तार असेल तर तीही काळवंडते. पारदर्शक पाणी असलं तरी आशिनोयूसारख्या गंधकाच्या जागी गेलात तर काढून ठेवा.

आईंच्या संकोचाबद्दल: 'काशिकिरी' शोधा. म्हणजे कुटुंबापुरता तासाभरासाठी घ्यायचा हौद, आतून कडी लावायची. टॅटूचा प्रश्नही तिथेच सुटतो. सामायिक हौदात मात्र सगळ्यांसाठी नियम एकच, आधी बसून साबणाने स्वच्छ धुवायचं, मग पाण्यात उतरायचं, छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही. पुरुषांचा आणि बायकांचा हौद रात्रीतून अदलाबदल होतो पुष्कळ ठिकाणी, तेव्हा सकाळी जाताना दारावरचा पडदा पुन्हा बघावा. आणि युकाता (निवासात मिळणारा सुती झगा) नेसताना डावी बाजू वर. उजवी वर फक्त मृताला नेसवताना असते.

लेकीला सगळ्यांनी मिळून पाण्यात खेळायचं असेल तर कोवाकिदानीला युनेस्सुन नावाचं गरम पाण्याचं जलक्रीडा केंद्र आहे, तिथे पोहण्याचे कपडे घालून एकत्र जाता येतं.

---

ओवी_सातारा | १९ ऑगस्ट, रात्री ८:४५

ठरलं! कोवाकिदानीजवळ. खोली 'वायोशित्सु' प्रकारची, अर्ध्या भागात पलंग, अर्ध्या भागात तातामी, म्हणजे गवती चटयांची जमीन. पलंग आईबाबांना, आम्ही तिघं खाली गादीवर. पाच निवासांना गवतीचहाचा निरोप पाठवला होता: तिघांनी नाही कळवलं, एकाचं उत्तर आलं नाही, आणि एकाने उलट विचारलं, कांदा-लसूण चालतो का, दूध चालतं का. तिथेच घेतलं. शनिवार टाळून सोमवार-मंगळवार केल्याने दरही उतरला.

रेल्वे पासचं कोणी विचारेल म्हणून: ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा जेआर पास २९,६५० वरून ५०,००० येनला गेला, टोकियो-हाकोने-क्योतो अशा एकमार्गी प्रवासाला तो परवडत नाही. आणि ओदावाराच्या, म्हणजे हाकोनेच्या पायथ्याजवळच्या बुलेट ट्रेनच्या स्टेशनाच्या, पुढे तो तसाही चालत नाही.

---

निशिकासाईकर | १९ ऑगस्ट, रात्री ९:३०

फार छान. मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलातून ताक्क्युबिनने (सामान पोचवणाऱ्या कुरियरने) थेट क्योतोला पाठवा, हाकोनेला दोन दिवसांची एकच पिशवी न्या. ओदावाराला बुलेट ट्रेनपैकी नोझोमी थांबत नाही, कोदामा आणि काही मोजक्या हिकारी थांबतात, क्योतोची तिकिटं ते बघून काढा. माणशी १५० येन स्नानकर तिथेच द्यायचा असतो, सुटे ठेवा. बाबांना तोझान रेल्वेत सगळ्यात पुढे किंवा सगळ्यात मागे उभं करा.

---

ओवी_सातारा | २६ नोव्हेंबर, रात्री १०:२०

धागा वर काढतेय. परत येऊन आठवडा झाला, लिहिल्याशिवाय राहवेना.

युमोतोला तोझान रेल्वेत चढलो तेव्हा बाबा आपणहून मागच्या काचेपाशी जाऊन उभे राहिले. पहिल्या उलट्या थांब्यावर गाडी थांबली, चालक आणि गार्ड फलाटावरून एकमेकांसमोरून चालत गेले, जागा बदलल्या आणि गाडी मागच्या मागे वर निघाली. भोर घाटातही पूर्वी खंडाळ्याजवळ असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं. बाबांनी ते वापरात असताना पाहिलं नाही, पण नोकरीच्या सुरुवातीला जुन्या ड्रायव्हरांकडून त्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या. "आज बघितलं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच गाडीने युमोतोपर्यंत खाली जाऊन परत वर आले.

आमचं निवास स्टेशनपासून सपाट रस्त्यावर होतं. याचं मोल पहिल्या संध्याकाळीच कळलं. पाच वाजता काळोख, पाऊस सुरू, आणि आम्ही छत्रीखाली चार मिनिटांत खोलीत. गोऱ्याच्या चढावर त्या पावसात आईला घेऊन मी काय केलं असतं?

काशिकिरी हौदाला दांडा होता, उंच स्टूल त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं. आई आणि मी गेलो. वरून उघडा, भोवती बांबूचं कुंपण, एका मोमिजीची (जपानी मेपलची) लाल पानं पाण्यात पडलेली. आई पाण्यात बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वज्रेश्वरीला आम्ही साडीसकट उतरायचो. ओली साडी अंगाला चिकटायची, बाहेर आलं की हुडहुडी भरायची. इथे पाणी मोकळं लागतं." दोन दिवसांत ती त्या हौदात तीनदा गेली. सामायिक हौदात गेली नाही, मीही आग्रह केला नाही. स्टेथो, तुमची सात मिनिटं घड्याळ लावून पाळली.

जेवणात काडीइतकीही चूक झाली नाही त्यांची. तोफू, युबा (सोयाबीनच्या दुधाची साय), तळलेल्या भाज्या, मशरूम घातलेला भात, सगळं कोंबूच्या दाशित. न्याहारीला मिसो सूप समोर आलं, वाढणाऱ्या बाईंनी लगेच खूण केली, आमच्या दोन वाट्या बाजूला घेतल्या आणि वेगळ्या आणल्या. मेतकुटाचा डबा तरीही उघडला. बाबांना तिथला भात फार आवडला, आणि मेतकूट-तुपाबरोबर तो आणखीनच आवडला.

फेरी निशिकासाईकरांनी लिहिली तशीच केली. फुजी दिसला नाही. सेंगोकुहाराला ऊन पडलं होतं, गवत उतरतीला लागलं होतं तरी आई त्या वाटेवर एका बाकापर्यंत गेली आणि तिथे बसून राहिली. नवरा आणि लेक तिसऱ्या दिवशी सकाळी रोपवेने ओवाकुदानीला जाऊन आले आणि काळ्या सालीची अंडी घेऊन आले. एक खाल्लं की आयुष्य सात वर्षांनी वाढतं म्हणतात. बाबांनी दोन खाल्ली.

सगळ्यांचे मनापासून आभार. दम्याचं बाबांनी मधेच विचारलं नसतं तर आम्ही गोऱ्यालाच गेलो असतो.

---

सह्यमेघ | २८ नोव्हेंबर, सकाळी ११:४०

सुंदर धागा, वाचनखूण साठवली. आम्ही पुढच्या जूनमध्ये सासूबाईंना घेऊन जायचं म्हणतोय. पावसात कितपत जमेल? आणि तेव्हाही कोवाकिदानीच का?

---

निशिकासाईकर | २८ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

जूनमध्ये पाऊस असतो, पण जूनच्या मध्यापासून तोझान रेल्वेच्या दोन्ही कडांना हायड्रेंजिया फुलतात. फुलं गाडीच्या काचेला घासतात, आणि रात्री काही ठिकाणी त्यांच्यावर दिवे सोडतात. तेव्हा रेल्वेच्या कडेला राहायला आणखी एक कारण मिळतं. पायथ्याकडे आधी फुलतात, गोऱ्याकडे उशिरा, तेव्हा तारखेप्रमाणे जागा थोडी खाली-वर करा. सासूबाईंना दमा-हृदयविकार नसेल आणि चढ झेपत असेल तर गोरा स्टेशनलगतचं निवासही चालेल.

---

ओवी_सातारा | २८ नोव्हेंबर, दुपारी २:०५

सह्यमेघ, आणखी एक विचारून घ्या: खोलीपासून हौदापर्यंत लिफ्ट जाते का. डोंगरउतारावरची निवासं आहेत, पुष्कळदा हौद दोन मजले खाली ओढ्याच्या कडेला असतो. आमच्याकडे लिफ्टनंतरही नऊ पायऱ्या होत्या. फोटोत त्या दिसत नाहीत.